दुसऱ्या भेटीचं घर

१

शनिवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी गिऱ्हाईकाने झोपायच्या खोलीतल्या भिंतीला हात लावला, "ओल आहे हो," असं म्हणून हात रुमालाला पुसला, आणि त्या घराचा तिसरा सौदाही बोंबलला.

घरं विकून देणाऱ्या ऑफिसचा तरुण मालक सोबत होता. त्यानेही हात लावून पाहिला. पलंगाच्या उशाशी परातीएवढा डाग पसरला होता, चांगला गार आणि ओला. गिऱ्हाईक नवराबायको सभ्य होते. "विचार करून कळवतो," म्हणाले आणि जिना उतरले. या धंद्यात "विचार करून कळवतो" याचा अर्थ राम राम असा असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

दुपारी ऑफिसात सगळे जण डबे उघडून बसलेले असताना मालकाने लख्खबाईंना उभं केलं. या बाई गिऱ्हाईक यायच्या आधी घरं झाडून-पुसून द्यायच्या. काम संपलं की दारात उभ्या राहून "लख्ख" एवढंच म्हणायच्या, म्हणून ते नाव पडलं होतं.

"बाई, किल्ल्यांचा जुडगा द्या."

"कुठल्या घरी जायचंय?"

"कुठेच नाही. मंगळवारी ओल, परवा गुरुवारी न्हाणीघरात दुर्गंधी, आज पुन्हा ओल. तिन्ही वेळा गिऱ्हाइकाच्या आधी त्या घरात एकच माणूस जाऊन आलं. सोमवारी संध्याकाळी मी सफाईच्या कंपनीशी करार करतोय."

लख्खबाईंनी जुडगा टेबलावर ठेवला. खिडकीपाशी बसलेल्या म्हातारीने ते पाहिलं आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"सोमवार संध्याकाळ म्हणालास ना?" ती म्हणाली. "मग सोमवार दुपारपर्यंत ते घर माझं."

२

ती मालकाची आत्या. पस्तीस वर्षांपूर्वी हे ऑफिस तिने एका टेबलावर आणि उसन्या फोनवर उभं केलं होतं. दोन वर्षांपूर्वी खुर्ची भाच्याला दिली, पण सवय कुणाला देणार? रोज दहाला हजर. सगळं ऑफिस तिला आत्याच म्हणायचं.

घर विकण्याच्या सगळ्या चाली तिने पाहिल्या होत्या. तिच्या उमेदीत घर विकायला वर्ष लागायचं. गिऱ्हाईक आधी बायकोला आणायचं, मग सासूला, मग भिंती ठोकून बघायला एखादा मेव्हणा. पुढे ती पिसाटलेली वर्षं आली. सकाळी फोटो टाकावा तर दुपारी घर गेलेलं. चपलांच्या दुकानातसुद्धा लोक जास्त वेळ घालवायचे. भाचा त्या काळात तयार झालेला, त्यामुळे त्याला वाटायचं की घर म्हणजे गरम भजी. आता लोक पुन्हा भानावर आले होते. एकदा बघायचे, घरी जाऊन महिनाभर खल करायचे, मग दुसऱ्यांदा यायचे. शहरातली निम्मी घरं वर्ष-वर्ष पडून होती. त्यामुळे सगळी मदार दुसऱ्या भेटीवर. दुसऱ्यांदा आलेला माणूस मनाने त्या घरात राहायला गेलेला असतो.

आणि या घरातून दुसऱ्या भेटीचा माणूस तीनदा पळाला होता, तोही एकाच आठवड्यात.

आत्या लख्खबाईंना घेऊन गच्चीच्या जिन्यात बसली.

"तू केलंस का?" तिने सरळ विचारलं. आडून बोलायची तिला सवय नव्हती.

"ताई, अठरा वर्षं झाली. कुणाच्या घरातली टाचणी हलवली नाही मी."

"माहितीय. पण विचारायला हवं होतं. आता सांग, काय काय बघितलंस?"

लख्खबाईंनी डोळे पुसले आणि कामाचं बोलायला लागल्या तसा आवाज ताठ झाला. मंगळवारी, गुरुवारी आणि आज, त्या नऊला गेल्या, दहाला निघाल्या, किल्ली ऑफिसात आणून दिली. निघताना भिंत कोरडी होती, न्हाणीघरात साबणाचा वास होता.

"पण बुधवारी मी पुन्हा गेले होते खिडक्या लावायला. तेव्हा भिंतीशेजारच्या आरशावर बारीक ठिपके होते. वाळलेले. मंगळवारी मी आरसा पुसून गेले होते. आणि शुक्रवारी मोरीची जाळी उचलली, तर वाटी उलटी फिरलेली."

"म्हणजे?"

"जाळीखाली वाटी असते ना, ती बसली की गटाराचा वास वर येत नाही. तिला एक कान असतो. मी बसवते तेव्हा कान खिडकीकडे. शुक्रवारी कान दाराकडे होता. कुणीतरी काढून परत ठेवलेली."

"हे भाच्याला सांगितलंस?"

"सांगितलं. तर म्हणाले, बघा, एवढं बारीक फक्त तुम्हालाच ठाऊक." त्या थांबल्या. "ताई, त्यांनी बाकीच्या सात घरमालकांना फोन पण केलेत. माझ्या हातात किल्ली देऊ नका म्हणून."

३

आत्या तडक त्या घरी गेली. तीन तासांत भिंत वाळून गेली होती.

खरी ओल अशी वागत नाही. ती वरून किंवा खालून येते, रंगाला फोड आणते, पांढरी भुकटी सोडते, पिवळी कड ठेवते. इथे छत ठणठणीत, खालची पट्टी ठणठणीत, आणि मधेच माणसाच्या हाताच्या उंचीवर एक गोल. आरशावर ताजे ठिपके, मोहरीहून बारीक. कुणीतरी फवाऱ्याने भिंत भिजवली होती, आणि घाईत.

किल्ल्या चार. एक ऑफिसची, दोन नवराबायकोच्या, चौथी वरच्या मजल्यावरच्या कप्तानाकडे, अडीअडचणीसाठी. कप्तान कधी जहाजावर गेला नव्हता. पण इमारतीच्या सभेत सगळ्यांना हुकूम सोडायचा.

त्याने दार उघडलं आणि आत्याने विचारायच्या आधीच तो म्हणाला, "माझ्यावर संशय घेऊन आलात ना? बसा."

"तुम्ही हे घर मुलासाठी मागितलं होतंत. पडत्या भावात."

"अजूनही मागतोय. तीन गिऱ्हाइकं पळाली, आता भाव आणखी पडेल. मी खूश आहे, लपवू कशाला?"

"आणि तिन्ही दिवशी तुम्ही घरात होतात."

"मी तीनशे पासष्ट दिवस घरात असतो. गुडघे गेलेत." त्याने आतून फुलझाडांवर मारायचा पितळी फवारा आणून तिच्यासमोर ठेवला. "तुम्ही शोधणार, त्यापेक्षा मीच देतो. आणि हो, खालच्यांची किल्लीही माझ्याकडेच आहे."

माणूस इतका उघड्यावर येतो तेव्हा तो एकतर निर्दोष असतो, नाहीतर पक्का बनेल. आत्याने फवाऱ्याची दांडी दाबून पाहिली. पाण्याची जाड पिचकारी तिच्या साडीवर आली.

४

रविवारी तिने घरमालकांना गाठलं, वेगवेगळं. ते तसेच राहत होते. एकाच घरात, दोन खोल्यांत. फ्रिजमध्येसुद्धा वरचे दोन कप्पे त्याचे आणि खालचे दोन तिचे. आठ वर्षांपूर्वी, त्या पिसाट काळात, याच घराला त्यांनी अकरा मिनिटांत होकार दिला होता. आता लग्न मोडायचं ठरलं होतं. भांडण मोठं नव्हतं. बोलणं बंद होत गेलं आणि एक दिवस दोघांच्या लक्षात आलं की घरात फक्त भांडी वाजतात. घर विकेपर्यंत एकत्र राहायचं, विकलं की आपापल्या वाटेनं, असा करार होता.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. एका भिंगावर कापड फिरवत तो बोलला.

"मंगळवारी दुकानातच होतो. गुरुवारी प्रदर्शनासाठी परगावी. दोन दिवसांची तिकिटं, हॉटेल, सगळं दाखवतो. काल पुन्हा दुकानात. मला समजत नाही, आत्या, आमच्या घराच्या वाईटावर कोण आहे?"

"घर गेलं की कुठे राहणार?"

"बघू. अजून काही पाहिलं नाही."

बायको शाळेत विज्ञान शिकवायची. मुलं तिला विज्ञानबाई म्हणत. ती वह्या तपासत होती, आणि लाल पेन खाली न ठेवताच तिने उत्तरं दिली.

"सोमवार ते बुधवार मी सहलीबरोबर डोंगरावर होते, साठ मुलं साक्षीला आहेत. गुरुवारी शाळेत. काल पालकसभा, सकाळी आठ ते एक. चाळीस पालक माझ्या डोक्यावर बसले होते."

"पुढे कुठे राहणार?"

"ठरवलं नाही. वेळच मिळाला नाही बघायला."

आत्या बसस्टॉपवर येऊन उभी राहिली. मंगळवारी आणि शनिवारी बायको नव्हती. गुरुवारी नवरा नव्हता. तिन्ही दिवस जवळपास असलेली माणसं दोनच, कप्तान आणि लख्खबाई. भाच्याचं गणित बरोबर येत होतं.

पहिली बस आली, तिने सोडली. दुसरी आली, तीही सोडली. एक गोष्ट तिला टोचत होती. पस्तीस वर्षांत तिने शेकडो घरं विकली. विकणारा प्रत्येक माणूस आधी पुढचं बिऱ्हाड हेरून ठेवतो, निदान बाहेरून चकरा तरी मारतो. ही दोघं चार महिने घर विकायला काढून बसली होती आणि एकानेही दुसरं दार ठोठावलं नव्हतं.

तिसरी बस आली तेव्हा आत्या रस्ता ओलांडून उलट्या दिशेच्या थांब्यावर गेली. तिकडून भाच्याचं घर जवळ होतं.

५

भाचा जेवणाच्या टेबलावर सफाई कंपनीच्या कराराचे कागद चाळत होता.

"त्या घराच्या पहिल्या भेटी किती झाल्या?" आत्याने बसता बसता विचारलं.

"चौदा."

"चौदा जणांत कुणाला ओल दिसली?"

"नाही."

"वास?"

"नाही. छानच म्हणाले सगळे."

"आणि दुसऱ्या भेटी तीन, तिन्ही फिसकटल्या. म्हणजे त्या भिंतीला तुझी डायरी वाचता येते." तिने त्याच्या पुढचे कागद बाजूला सारले. "कप्तानाला भाव पाडायचा असता तर त्याने पहिल्या चौदांनाच ओल दाखवली असती. गावभर बोभाटा झाला असता आणि घर त्याच्या पदरात पडलं असतं. पण त्याला पहिली भेट कुठली आणि दुसरी कुठली हे कळणार कसं? वरून त्याला फक्त तू आणि पाहुणे दिसता."

"तेच तर म्हणतोय मी. लख्खबाई..."

"बाईला तू काय कळवतोस?"

भाच्याने फोन काढला. बाईंच्या नावापुढे निरोपांची रांग होती. मंगळवार अकरा. गुरुवार अकरा. शनिवार अकरा. बाकी एक अक्षर नाही. पहिल्या भेटीचे निरोपही अगदी तसेच.

"तिला घर झाडायचंय. कितवी भेट हे तू तिला कधी सांगितलं नाहीस. आता सांग, कुणाला सांगतोस?"

भाच्याने बोटाने यादी वर सरकवली. मग त्याने दुसरा निरोप उघडला. "गुरुवार, अकरा वाजता, दुसरी भेट. कृपया साडेदहानंतर घरात कुणी थांबू नये." तो फक्त दोन माणसांना जायचा.

"घरमालक?" तो म्हणाला. "आपल्याच घराचं वाटोळं कोण करेल? आणि कसं करेल? ती मंगळवारी आणि शनिवारी नव्हती. तो गुरुवारी नव्हता. तिन्ही वेळा हजर असणारं त्यांच्यात कुणीच नाही."

"अगदी बरोबर," आत्या म्हणाली. "निरोप टाक. सोमवार, अकरा वाजता, दुसरी भेट."

"पण गिऱ्हाईक कुठाय?"

"आपण तिघं आहोत ना. नऊला मागच्या गॅलरीत उभं राहायचं. बाईला मी घेऊन येते."

६

मागची गॅलरी कपडे वाळत घालण्यापुरती. तिथे तीन माणसं म्हणजे दाटीवाटीच. भाच्याच्या नाकासमोर चष्मेवाल्याचा पायजमा लटकत होता. लख्खबाई ताठ उभ्या होत्या. काल रात्री त्यांना झोप लागली नव्हती, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. स्वयंपाकघराच्या काचेतून मधला बोळ आणि दोन्ही खोल्यांची दारं दिसत होती.

दहा वाजून वीस मिनिटांनी कुलपात किल्ली फिरली.

चष्मेवाला आत आला. खिशातून त्याने भिंगांवर पाणी मारायची छोटी बाटली काढली, तिचं तोंड फिरवून पाहिलं आणि झोपायच्या खोलीत शिरला. फुस, फुस, फुस. मोहरीहून बारीक थेंब त्या बाटलीतूनच पडतात, पितळी फवाऱ्यातून नाही. भाच्याने पुढे व्हायला पाऊल उचललं. आत्याने त्याचं मनगट धरलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

कारण कुलपात पुन्हा किल्ली फिरत होती.

विज्ञानबाई आल्या, मधल्या सुट्टीतून पळत आल्यासारख्या. हातावरच्या घड्याळाकडे बघत थेट न्हाणीघरात गेल्या. जाळी उचलल्याचा आवाज आला. पिशवीत काहीतरी टाकून त्या बाहेर आल्या, आणि त्याच वेळी समोरच्या खोलीतून नवरा बाहेर आला.

दोघं बोळात समोरासमोर उभे राहिले. त्याच्या हातात बाटली, तिच्या हातात पिशवी.

"तू शाळेत नाहीस?" तो म्हणाला.

"तू दुकानात नाहीस?"

"त्यात काय आहे?"

"वाटी."

"कसली?"

"मोरीची." तिने त्याच्या बाटलीकडे पाहिलं. मग त्याच्या मागच्या भिंतीकडे. "ती ओल तू..."

"हो. आणि गुरुवारचा वास?"

"मी."

त्याने बाटली खिशात घातली. मग तो म्हणाला, "मला वाटलं तुला जायची घाई आहे."

"घर विकेपर्यंत, असं तूच म्हणालास."

"सगळे म्हणत होते, हल्ली घर विकायला वर्ष लागतं. म्हटलं, वर्षभर मिळेल. तेवढ्यात मी काहीतरी बोललो असतो."

"आठ वर्षांत बोलला नाहीस."

"म्हणून तर वर्ष हवं होतं."

तिला हसू आलं आणि ते रडण्याच्या फार जवळचं होतं. "मीही तोच हिशेब केला होता," ती म्हणाली. "आणि चार महिन्यांत दारात तीन गिऱ्हाइकं. मी डोंगरावर असताना पहिलं पळालं, तर मला इतकं हायसं वाटलं. म्हटलं, नशीब आपल्या बाजूने आहे."

आत्याला हे सगळं आदल्या दिवशीच बसस्टॉपवर उमगलं होतं. एकट्याने होणार नव्हतं, म्हणजे दोघांनी केलं. पण दोघांनी मिळून नाही. मिळून केलं असतं तर एकच युक्ती वापरली असती, आणि मुळात घर विकायचं नाही एवढं एकमेकांना सांगितलं की काम भागलं असतं. ज्यांना एकमेकांशी तेवढंही बोलता येत नाही, तेच लोक भिंतीला पाणी मारतात. तिला वाटत होतं, त्यांना आणखी थोडा वेळ द्यावा.

लख्खबाईंना तसं वाटत नव्हतं. त्यांनी पायजमा बाजूला सारला आणि स्वयंपाकघराचं दार उघडून त्या आत गेल्या.

७

"ताई, दादा," त्या म्हणाल्या, "तुमचं जुळलं तर मला आनंदच आहे. पण तुमच्या या ओलीपायी माझं काम जातंय. आज संध्याकाळी. सात घरी माझं नाव खराब झालंय."

दोघांचे चेहरे पडले. हे त्यांच्या गावीही नव्हतं. आपलं माणूस थोपवून धरताना मधे कुणाचा पाय चिरडतोय हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. विज्ञानबाई पुढे आल्या आणि त्यांनी लख्खबाईंचे दोन्ही हात धरले. "आमचं चुकलं. सांगा, कुणाला फोन करू?"

"तुम्ही नको," लख्खबाई म्हणाल्या. "तुम्ही माझं नाव कुणाला सांगितलं नव्हतं. ज्यांनी सांगितलं ते करतील." आणि त्यांनी गॅलरीच्या दाराकडे पाहिलं.

भाचा आत आला. त्याने आधी फोनवर त्या घराची जाहिरात काढून टाकली. नवराबायकोने नाही म्हटलं नाही. चष्मेवाल्याने तेवढ्यात फडकं आणून भिंत पुसायला घेतली होती, आणि त्याची बायको "असं नाही, वरून खाली पूस," म्हणून मागे उभी होती.

"बाई," भाचा म्हणाला, "ऑफिसात जाऊ. जुडगा परत देतो. पगारही..."

"पगाराचं मागून बघू. आधी सात फोन."

"ऑफिसातून करतो ना निवांत."

"निवांत कशाला? नाव घालवताना तुम्ही निवांत केलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत भराभर सात लावले."

आत्याने स्वयंपाकघरातून एक खुर्ची आणून लख्खबाईंसाठी बोळात ठेवली. भाच्याने मदतीसाठी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर दिली नाही. शेवटी त्याने पहिला नंबर लावला.

"नमस्कार, मी बोलतोय. परवा किल्लीबद्दल म्हणालो होतो ना, त्यात जरा गैरसमज..."

"गैरसमज नाही," लख्खबाई खुर्चीतून म्हणाल्या. "मी चुकलो, म्हणा."

भाच्याने घसा खाकरला. "मी चुकलो," तो फोनवर म्हणाला. "बाईंचा काही दोष नव्हता. किल्ली त्यांच्याकडेच राहील."

फोन ठेवून त्याने कपाळ पुसलं. लख्खबाईंनी पदर सारखा केला आणि खुर्चीत आरामात मागे टेकून बसल्या. अजून सहा उरले होते, आणि त्यांना कसलीही घाई नव्हती.